पिसोरीसाठी झाडलोट

४ जानेवारी, रविवार

केशोराव आले होते. माझे धाकटे दीर. गोरेगावला राईस मिल. पोट त्यांच्याआधी फाटकातून आत येतं. दोन कप चहा प्यायल्यावर मुद्द्यावर आले. गोरेगावच्या पुढे आमचा सात एकरांचा जंगलाचा तुकडा आहे, तो साफ करून तिथे धानाचं गोडाऊन बांधायचं म्हणतात. तुकडा दोघा भावांच्या नावावर. मिस्टर गेल्यापासून त्यांच्या जागी माझं नाव लागलं आहे, म्हणून माझी सही हवी. म्हणाले, "वहिनी, नुसतं पडून राहिलं न जी. दादा होता तोवर ठीक होतं, त्याले बसाले जागा लागे. आता कायले ठेवता?"

सही होणार नाही, असं सांगितलं.

"काऊन?"

मी तिसरा चहा टाकायला आत गेले. मला त्या जंगलाचं काडीचंही प्रेम नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मिस्टर दर रविवारी तिथे जाऊन बसत. काही करत नसत, बसत. तीस वर्षं मी सांगत होते की निदान पाला काढून घ्या, ती काटेरी झुडपं तोडा, आपली जमीन आहे, उकिरडा नव्हे. ते "हो" म्हणत आणि पुढच्या रविवारी पुन्हा जाऊन बसत. शुद्ध आळशीपणा. तेव्हा प्रश्न प्रेमाचा नाही, तत्त्वाचा आहे.

कोणतं तत्त्व, ते उद्या ठरवेन.

६ जानेवारी

तत्त्व मिळालं. पेपरातच होतं. आपल्या भागातून नाहीसं झालेलं एक हरीण परत आणायचं म्हणून नागपूरची एक संस्था जागा शोधते आहे. पिसोरी म्हणतात त्याला. सरकारी जंगलाला लागून असलेली खासगी जंगलं बघायची, पसंत पडलं तर तिथे कुंपण घालून प्राणी आधी ठेवायचे, रुळले की मागच्या जंगलात सोडायचे. आमच्या तुकड्याची मागची बाजू म्हणजे सरळ सरकारी जंगल. फोन केला. रविवारी माणूस पाठवतो म्हणाले.

लगेच केशोरावांना कळवलं की ही जमीन आता राष्ट्रकार्यात गुंतली आहे. फोनवर हसण्याचा आवाज आला. मग म्हणाले, "ठीक आहे वहिनी. होळीपर्यंत त्यायनं हो म्हटलं तं मी गोडाऊनचं नाव काढत नाही. नाही म्हटलं तं तुमी मुकाट्यानं सही करा."

कबूल केलं. पैज मी हरत नसते.

७ जानेवारी

पिसोरीची माहिती वाचली. निराशा. मला वाटलं होतं मोठी शिंगं, तोरा, काहीतरी भारदस्त. ही सशाएवढी. शिंगं नाहीतच. वजन भाजीच्या पिशवीइतकं. दिवसभर कुठे दडून असते ते कुणाला कळत नाही आणि कोणी समोर आलं की जागच्या जागी थिजते. रेल्वेच्या रिझर्वेशन ऑफिसात माझ्या हाताखाली निम्मा स्टाफ याच जातीचा होता. त्यांना पुन्हा आणायला मात्र कोणी संस्था काढली नाही.

असो. निवड आपल्या हातात नाही. जे येईल त्याची सोय करायची.

११ जानेवारी, रविवार

पहिली पाहणी झाली. संस्थेतर्फे डॉ. साक्षी. डॉक्टर म्हणजे पीएच.डी., नाडी बघणारी नव्हे. वय माझ्या मुलीएवढं, चेतनाएवढं, पॅन्टच्या दोन्ही गुडघ्यांवर माती. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटनी तिला दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं असतं.

आत गेल्या गेल्या ती पाल्यात पालथी पडली. मला वाटलं चक्कर आली. पाण्याची बाटली उघडली, तर म्हणते, "नाही मॅम, वास घेतेय." कुजलेल्या पानांचा वास! मग पट्टी खुपसून पाल्याचा थर किती जाड ते मोजलं. मिस्टर ज्यावर बसत तो पोखरलेला ओंडका पडला आहे, त्याच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घातला. बांबूखालून सरपटत गेली. शेवाळलेल्या डबक्याकाठी तर इतका वेळ बसली की मी घड्याळ बघितलं. आणि प्रत्येक ठिकाणी "वाव". जाताना झाडांना दोन कॅमेरे पट्ट्यांनी बांधले. समोरून काही गेलं की ते आपोआप फोटो काढतात म्हणे.

निघताना म्हणाली, "मॅम, फारच सुंदर जागा आहे. फक्त अशीच राहू द्या हं. फेब्रुवारीच्या शेवटी आमचे सर येतील, ते फायनल करतील."

मुलगी चांगल्या वळणाची आहे. एवढी घाण बघून एक शब्द बोलली नाही. जी.एम. साहेबांच्या इन्स्पेक्शनआधी आमच्याकडेही असाच एक माणूस येऊन जायचा. तोही "सब बढ़िया है" म्हणायचा. त्याच्या बोलण्यावर विसंबून राहिलेल्यांचं पुढे काय झालं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

हैदराबादहून चेतनाचा फोन. सगळं सांगितलं. ती म्हणते, "आई, तुला ती जागा हवी आहे तर काकांना सरळ सांग ना, हवी आहे म्हणून. हरीण कशाला मध्ये?"

लग्न होऊन दोन पोरं झाली, पण अक्कल तेवढीच. सरळ सांगितलं तर केशोरावांना वाटेल मला मिस्टरांची आठवण येते.

पोटात गॅस झाला आहे. तिळाचे लाडू जास्त झाले.

१८ जानेवारी

चौतीस वर्षं रेल्वेत काढली. चीफ रिझर्वेशन सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. त्यात दुसरं काही शिकले नसेन, पण इन्स्पेक्शन म्हणजे काय ते शिकले. जी.एम. साहेबांची गाडी यायच्या महिनाभर आधीपासून तयारी. झाडांना खाली गेरू, वर चुना. दगडांना पांढरा रंग. नसतील तिथे कुंड्या. मोडकं ते झाकायचं, घाण ती उचलायची, आणि उचलता येत नसेल त्या खोलीला कुलूप लावायचं. साहेब उतरणार, चकचकीत बघणार, हार घेणार, "वेल डन" म्हणणार. कोणत्याही साहेबानं आजवर धुळीला शाबासकी दिलेली नाही.

इथे तर सात एकर धूळ. मिस्टरांनी तीस वर्षांत जे केलं नाही ते पाच आठवड्यांत करायचं आहे. होईल.

२५ जानेवारी, रविवार

जागेची आखणी करायला एकटीच गेले. स्कूटी बांधापाशी लावली. आत ओंडक्यावर बसले, कारण गुडघा. इतक्या वर्षांत मी त्यावर पहिल्यांदा बसले. बसायला इतका वाईट नाही. मिस्टरांना दोन शब्द सुनावले. काय अवस्था करून ठेवली आहे, सगळं माझ्या गळ्यात, वगैरे. ऐकायला कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं सुनावले. बरंच होतं साठलेलं.

आखणी राहून गेली. ऊन उतरल्यावर लक्षात आलं.

३ फेब्रुवारी

काम सुरू. अंजना आणि तिच्या ओळखीच्या बायका. अंजना पलीकडच्या वस्तीतली, धानाच्या रोवणीला आमच्या शेतावर यायची. खराटे बघून म्हणाली, "काऊन जी बाई, जंगलाले झाडू मारता का? मी तं पह्यल्यांदाच ऐकून राहिली."

पाहुणे येणार आहेत, असं सांगितलं.

"कोण?"

"हरीण."

"आँ? हरणासाठी? जावयासाठीबी कोणी एवढं नाही करत, बाई." मग पदर खोचून बायकांना ओरडली, "चला ओ, रोजी भेटून राहिली तं आपण समुद्रबी झाडू!"

झाडलं मात्र चोख. संध्याकाळपर्यंत रस्त्याकडच्या बाजूची जमीन दिसायला लागली. लाल, सपाट, देखणी. तीस वर्षं ही खाली होती आणि कुणाला पत्ता नव्हता.

७ फेब्रुवारी

पाल्याचे ढीग अंजनाच्या डोक्याच्या वर गेले. जाळले. धूर बघून केशोराव मोटारसायकलनं धावत आले. मला वाटलं भांडणार. त्यांनी चारी बाजूंनी बघितलं आणि चेहरा असा उजळला की बस. "करा वहिनी, करा. बेस होऊन राहिलं." दुपारी मिलवरची दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन मदतीला पाठवली. न मागता!

माणसात बदल होऊ शकतो. विरोधी पक्ष असूनही देशासाठी उभे राहिले.

११ फेब्रुवारी

झुडपं संपली. बांबूच्या खालचा सगळा गचपणा छाटला, आता बांबूतून आरपार दिसतं. पिसोरीला फिरायला मोकळं. आतापर्यंत ती बिचारी या भागातून का गेली असेल, ते मला लख्ख कळलं. इथे कोण राहील?

ओंडकाही काढला. बायकांना उचलेना, म्हणून मिलच्या माणसांनी कुऱ्हाडीनं फोडला. सरपणाला अंजनाला देऊन टाकला. फोडत होते तेव्हा मी लांब बांधावर जाऊन उभी राहिले. फार आवाज येतो.

साक्षीचा मेसेज आला होता, सगळं ठीक ना मॅम? कळवलं, उत्तमाहून उत्तम.

१६ फेब्रुवारी

डबक्याचा निकाल लावला. उपसून, बुजवून वर सिमेंटचा हौद. निळ्या टाइल्स. गवंडी विचारत होता, बाथरूम कुठे बांधायचं आहे. त्याला म्हटलं, प्राण्यांना पाणी प्यायला आहे हे. तो म्हणाला, "मंग नळ कोन्या उंचीवर लावू?" प्रश्न योग्य होता. पिसोरीच्या उंचीचा लावला.

बेडूक रात्रीपर्यंत हौदाभोवती बसून होते म्हणे. सवय होईल.

२० फेब्रुवारी

गेरू-चुना पूर्ण. मोह, साग, येन, तेंदू, सगळी एका उंचीवर एका रंगात. एखादी पलटण उभी राहावी तशी दिसतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरे दगड. कुडव्याला मी राहते त्या कॉलनीतून झेंडूच्या कुंड्या मागून आणल्या. फाटकापाशी बोर्ड : "पिसोरी पुनर्वसन केंद्र. सुस्वागतम." खाली छोट्या अक्षरात "शांतता राखा, थुंकू नका."

कॅमेऱ्यांवर धूळ बसली होती, ओल्या फडक्यानं पुसली.

चेतनाला फोटो पाठवले.  उत्तर आलं, "आई, ही कुठली बाग?"

ऊर भरून आला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

इन्स्पेक्शन.

जसं घडलं तसं लिहिते. जीप आली आणि थोडा वेळ त्यातून कोणी उतरलंच नाही. मग साक्षी उतरली. बोर्ड वाचला. मोबाइलवर नकाशा बघितला. पुन्हा बोर्ड वाचला. "मॅम, आपण… त्याच जागेवर आलोय ना?" मी हसले. मागून संस्थेचे प्रमुख डॉ. गोवर्धन उतरले. पांढरी दाढी, बोलणं कमी. त्यांना पुष्पगुच्छ दिला. अंजनाच्या बायका रांगेत उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या. ते पुष्पगुच्छ हातात धरून झाडांकडे बघत राहिले. केशोरावही हजर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. पैजेचा निकाल होता ना.

साक्षीनं पट्टी काढली आणि जमिनीवर टेकवली. "शून्य," म्हणाली. दहा पावलांवर पुन्हा टेकवली. "शून्य." तिसऱ्या जागीही शून्य. मी मान डोलावली. शब्द होता माझा, कचऱ्याचा कण दिसणार नाही.

मग ती इकडे तिकडे बघत म्हणाली, "तो ओंडका?"

"विल्हेवाट लावली."

"आणि पाणी होतं, बेडूक होते ते…"

हौद दाखवला. नळ सोडून दाखवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या लहान वयात कामाची एवढी कदर.

डॉ. गोवर्धननी विचारलं, "हे कोणी केलं?"

"माझ्या नेतृत्वाखाली झालं."

केशोराव मोठ्यानं म्हणाले, "वहिनी, तुमी तं क्रिकेटचं मैदान केलं जी!" आणि डॉक्टरांकडे वळून, "साहेब, उद्या पाया खोदाले घेतला तरी चालते, नाही?"

 साक्षी कॅमेरे सोडून घेऊन आली आणि जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप ठेवून फोटो लावले. सुरुवातीला काय काय होतं! साळिंदर, मुंगूस, उदमांजर, एक ससा. हे सगळे माझ्या जमिनीवर राहत होते आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. मग अचानक मी. मी खराटा धरून. मी बोट दाखवताना. मी कमरेवर हात ठेवून. पुढे मी, मी आणि मी. शेवटच्या फोटोत फडकं आणि माझी एक नाकपुडी. जनावर एक नाही. साक्षी म्हणाली, "तीन तारखेनंतर इथे फक्त तुम्ही आहात, मॅम."

अर्थात. शिस्त लागल्यावर उनाड जनावरं थांबतात होय?

मग तिनं चुकून मागचे फोटो लावले. त्यात मी ओंडक्यावर बसलेली. पुढच्यात पण बसलेली. त्याच्या पुढच्यातही. ऊन सरकत होतं, मी नव्हते. तोंड उघडं, हात हवेत. एकात मी चष्मा काढून पदर डोळ्यांना लावला होता.

केशोराव वाकून बघत होते. "वहिनी, कोणासंगं बोलून राहिल्या?"

"फोनवर."

"फोन तं दिसून नाही राहिला."

"ब्लूटूथ."

केशोरावांनी खिशातून चष्मा काढला, लावला आणि तोच फोटो पुन्हा बघितला. कडक इस्त्रीचा शर्ट, पण एकदम म्हातारे दिसले.

निकाल असा. डॉ. गोवर्धन म्हणाले, "मॅडम, पिसोरी पाल्यात लपते, पाल्यात खाते, पोकळ ओंडक्यात पिल्लू घालते. इथे तिला लपायला तुमची कुंडी सोडून काही नाही." मी म्हटलं, कुंड्या वाढवता येतील. त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मुळं जिवंत आहेत. चार-पाच पावसाळे कोणीही हात लावला नाही तर परत येईल हे सगळं. तेव्हा बघू."

"कोणी म्हणजे कोण? गुरं? कुत्री? मोळीवाल्या?"

त्यांनी लॅपटॉपकडे बघितलं. "त्यांचा काही त्रास दिसत नाही, मॅडम. तुम्हीच."

साक्षी फॉर्म भरत होती. "परिसराला मुख्य धोका" असा रकाना होता. त्यात तिनं लिहिलं, मालकीण.

मुलीचं अक्षर मात्र सुरेख आहे. कॉन्व्हेंटची असावी.

२७ फेब्रुवारी

विचार करता दोष कोणाचा, ते स्पष्ट आहे. मुलगी. ती म्हणाली होती "अशीच राहू द्या." घाण जागेत उभं राहून असं कोणी म्हटलं तर ऐकणारा काय समजेल? बोलण्यात स्पष्टता हवी. दुसरा दोष अंजनाचा. एवढं चोख झाडायला कोणी सांगितलं होतं? तिसरा मिस्टरांचा. तीस वर्षं पाला ठेवण्यामागे काही विचार होता, तर तोंडानं बोलायला काय झालं होतं? मी आळशी म्हणत होते, तेव्हा तरी बोलायचं.

बोलले असते, तर मी ऐकलं असतं.

बहुतेक.

२ मार्च, होळी

केशोराव आले. मी शब्दाची पक्की आहे. पुरणपोळीच्या ताटाशेजारी पेन ठेवलं. म्हटलं, काढा कागद. त्यांनी दुसरी पोळी घेतली. मग तिसरी. तूप मागितलं. मग ताटाकडे बघत म्हणाले, "गोडाऊन मिलच्या मागंच बांधून टाकतो म्हणतो. तिथं ट्रक सिदा लागते."

"आणि तो तुकडा?"

"राहू द्या न पडून."

यात काहीतरी मेख असणार, अशी शंका मला आलीच होती. आणि ती खरी ठरली. हात धुऊन आल्यावर म्हणाले, "पण वहिनी, ते साहेब सांगून गेले तसंच करा लागन. मी तारेचं कुंपण घालतो. कुलूप लावतो. चाबी माझ्यापाशी. तुमी आत गेल्या का मी दुसऱ्या दिवशी जेसीबी आणला समजा. हसून नाही सांगून राहिलो."

मी म्हटलं, मला जायचं तरी कशाला आहे? ते म्हणाले, "तेच तं." आणि पोळ्या डब्यात भरून मागितल्या.

थोडक्यात, केशोराव पैज हरले.

९ मार्च

कुंपण पूर्ण. चांगलं उंच आहे. बोर्ड, कुंड्या, पांढरे दगड, सगळं केशोरावांनी काढून माझ्या अंगणात आणून टाकलं. हौद फोडला. निळ्या टाइल्सचे तुकडे मी मागितले नाहीत.

फोन करून म्हटलं, एखादी चाबी माझ्याकडेही असावी. इमर्जन्सीसाठी.

"कोणती इमर्जन्सी, वहिनी? पान पडलं का?"

या माणसाशी सभ्यपणे बोलणं शक्य नाही.

१५ मार्च, रविवार

नवी कल्पना. पाल्याचा थर हवा आहे ना? पाला मी देते. आमच्या कॉलनीत निंब, गुलमोहर, बदाम, रोज ढिगांनी पाला पडतो आणि लोक मूर्खासारखे जाळतात. (लोकांना काही कळत नाही.) सकाळपासून घरोघरी फिरून पोती भरली. ऑटो ठरवला. कुंपणावरून आत ओतायचा. पाच पावसाळ्यांचं काम एका महिन्यात. म्हटलं साक्षीला आधी कळवावं, तिला आनंद होईल.

साक्षी म्हणाली, "मॅम, नको. बाहेरचा पाला नको, त्यातून बिया येतात, कीड येते. प्लीज काहीच करू नका."

"काहीच म्हणजे नेमकं काय काय?"

"काहीच, मॅम."

पोती जिन्याखाली ठेवली आहेत. ऑटोवाला म्हणाला, "आंटी, कचरा ले जाने का बोला था, वापस रख क्यों रहे?"

संकल्प : उद्यापासून काही न करणे. सकाळी सहाला उठून सुरुवात करायची.

१६ मार्च

काही केलं नाही. अकरापर्यंत.

अकरानंतर कॉलनीच्या बायकांना बोलावून पाला जाळण्याचे तोटे समजावून सांगितले. याला "काही करणं" म्हणता येणार नाही, कारण कोणी ऐकलं नाही.

२२ मार्च, रविवार

गोरेगावला गेले होते. तिथे भाजी ताजी मिळते. आणि तो बांध वाटेवरच आहे. म्हणजे बाजारापासून चार किलोमीटर पुढे.

कुंपणाबाहेर बांधावर बसले. आत बघण्यासारखं काही उरलेलं नाही. गेरूचे पट्टे तेवढे दिसतात, त्यांची लाज वाटली नाही असं नाही. सागाची पानं गळत आहेत. एकेक पडतं तेव्हा स्वयंपाकघरात ताट पडावं तसा आवाज येतो. आत पडतात ती ठीक, पण बरीच उडून तारेबाहेर, माझ्या बाजूला येत होती. ही पानं त्याच झाडांची. म्हणजे बाहेरचा पाला नव्हे. म्हणजे आत टाकायला हरकत नाही. आणि हात आत गेले तरी पाय बाहेर होते, तेव्हा नियम मोडला असं कोणी म्हणू शकत नाही.

ओंजळी भरून भरून तारेवरून आत टाकली. उजेड होता तोवर टाकत राहिले.

वारा समोरून होता. सगळी परत माझ्याच अंगावर आली.